शामाण्णांचे सतरा मुडदे

शामाण्णा निर्मळ्यांबद्दल लिही, असं मला बरेच जण बरीच वर्षं सांगत आले. निपाणीत त्यांच्या दारासमोर तीसेक वर्षं राहिलेला, शाळेत मराठी शिकवलेला, थोडंफार लिहिणारा माणूस मी. माझ्याशिवाय कोण लिहिणार, असं त्यांना वाटायचं. मी दर वेळी काहीतरी सांगून टाळलं. कधी डोळ्यांचं ऑपरेशन, कधी गुडघा, कधी नुसतंच ‘बघू’. खरं कारण असं की शामाण्णांबद्दल लिहायचं तर माझ्याबद्दलही लिहावं लागतं, आणि ते मला नको होतं. आता शामाण्णा नाहीत, आणि त्यांच्या पत्नी इंदूआक्काही गेल्या. ज्यांच्यापुढं तोंड उघडायला हवं होतं ते दोघेही गेल्यावर मला कंठ फुटलाय. याला धीर म्हणत नाहीत, हे मला कळतं. तरी लिहितो.

नवा माणूस भेटला की लोक गाव विचारतात, आडनाव विचारतात, आडनावावरून पुढचं काढून घेतात. शामाण्णा त्यातलं काही विचारायचे नाहीत. ते माणसाला वरपासून खालपर्यंत न्याहाळायचे, एक डोळा बारीक करायचे आणि सांगायचे, “तुमास्नी विळा.”

म्हणजे त्यांच्या पुढच्या सिनेमात तुमचा खून विळ्यानं होणार. समोरच्यानं घाबरू नये अशी त्यांची अपेक्षा असायची. हा मान होता. बँकेत नवीन आलेल्या मॅनेजरला ते पहिल्या भेटीतच म्हणाले, “सायेब, तुमास्नी तंबाखूच्या गठ्ठ्याखाली घालतो. अंगानं भरलाय, आवाज झ्याक यील.” मॅनेजर पुढं दोन वर्षं त्यांना लांबूनच नमस्कार करत होता. पोस्टमनला अडकित्ता ठरला होता, तोही करंगळीपासून सुरुवात करून. शेजारच्या तुळसाबाईंना मात्र त्यांनी वर्षभर काहीच दिलं नाही. एक दिवस त्या रस्त्यातच अडवून म्हणाल्या, “का वो शामाण्णा, माझ्यातच काय कमी हाय?” मग त्यांना आडात ढकलायचं ठरलं, तेव्हा कुठं त्यांचं समाधान झालं.

शामाण्णांचं दुकान होतं नाटकाच्या कपडेपटाचं. जत्रेला, गॅदरिंगला भाड्यानं मुकुट, तलवारी, दाढीमिशा, अंगरखे द्यायचे. दुकानात शिरलं की डांबराच्या गोळ्यांचा वास यायचा आणि आठ-दहा मुंडकी आपल्याकडं बघत असायची. ती टोपांसाठी ठेवलेली लाकडी मुंडकी होती, पण शामाण्णांनी प्रत्येकाला डोळे काढले होते. त्या मुंडक्यांच्या मधोमध पोस्टर होतं: ‘तेरा नंबरची वखार’. खाली लाल अक्षरांत, ‘हृदयविकार असणाऱ्यांनी मागे बसावे.’

हा त्यांचा सिनेमा. त्यांनीच लिहिलेला, त्यांनीच काढलेला, पहिला आणि शेवटचा. ‘पुढचा सिनेमा’ आयुष्यभर पुढंच राहिला.

गोष्ट साधी आहे. तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या एका बाईला मालक आणि त्याची माणसं छळून मारतात. ती हडळ होते आणि एकेकाला उडवते. एकूण खून सतरा. शामाण्णा म्हणायचे, “पिच्चर दोन तासाचा. सात मिन्टाला एक मुडदा पडतोय. ह्याच्यात झोप कुणाला लागंल?”

त्या सतरा खुनांतही एक व्यवस्था होती, आणि ती आमच्या सीमाभागातल्या माणसालाच सुचेल. हडळ एक मराठी मारायची, मग एक कानडी मारायची. परत मराठी, परत कानडी. आठ ह्यांचे, आठ त्यांचे. “नायतर उद्या कोन तरी मोर्चा आणायचा,” शामाण्णा सांगायचे. “आमचीच मान्सं जास्त का मारली म्हनून. न्हायतर आमची कमी का मारली म्हनून. त्यापरीस मोजूनच मारलेलं बरं.” सतरावा कुठल्या बाजूचा, हा प्रश्न उरायचा. सतरावे ते स्वतः होते आणि त्यांना एकही संवाद नव्हता. न बोलता मेले की भाषेचा प्रश्न येत नाही.

सिनेमात दोष किती होते, हे मी अधिकारानं सांगू शकतो. का, ते पुढं येईल. रक्त गुऱ्हाळावरून आणलेल्या काकवीत कुंकू कालवून केलेलं होतं. त्यामुळं ते वाहायचं नाही, नुसतं ओघळायचं, आणि मुडद्याला मुंग्या लागायच्या. चौथा मुडदा गळा चिरलेला असताना मांडी खाजवतो, ते पडद्यावर स्वच्छ दिसतं. शूटिंग खऱ्याखुऱ्या वखारीत, तंबाखूच्या धुळीत झालेलं, त्यामुळं मेलेली माणसं शिंकायची. नट सगळे कंपनीच्या नाटकांत मुरलेले. पोटात विळा गेलेला हमालसुद्धा मरताना प्रेक्षकांकडं वळून, हात पसरून, “घात झाला, मित्रांनो” असं चालीत म्हणायचा. आणि म्हणता म्हणता दोन मिनिटं घ्यायचा, कारण शामाण्णांची शिकवणच तशी होती: “मरताना घाई करायची न्हाय. येकदाच मरायचंय, मानसानं बेतानं मरावं.”

वितरकानं अट घातली होती की सिनेमात आंघोळीचा प्रसंग पाहिजे. अशा सिनेमांना तो लागतोच. शामाण्णांनी दिला. सांबऱ्याचा एक पैलवान खलनायक होता, त्याला विहिरीवर बसवून साडेतीन मिनिटं आंघोळ घातली. पाठ घासण्यासकट. “आंघूळ पायजे म्हनले, आंघूळ दिली,” एवढंच ते सांगायचे. वितरक पुन्हा बोलला नाही.

आता माझं.

सिनेमा लागला तेव्हा मी बेळगावात होतो. नवा मास्तर, अंगात नवी मस्ती. तिथल्या एका साप्ताहिकात ‘चोखंदळ’ नावानं सिनेमांबद्दल लिहायचो. ते साप्ताहिक आता बंद पडलंय, आणि चोखंदळ कोण हे माहीत असलेले संपादकही वारले. मी संकेश्वरला मॅटिनी शोला जाऊन ‘तेरा नंबरची वखार’ पाहिला. म्हणजे अर्धा पाहिला. इंटरव्हलला भजी खायला बाहेर आलो, तर स्टँडवर बेळगावची गाडी लागलेली. आत आणखी आठ खून बाकी होते. मी गाडीत बसलो.

आणि घरी येऊन लिहिलं. काकवी, मुंग्या, शिंका, आंघोळ, काही सोडलं नाही. दुसरा अर्धा पाहिलाच नव्हता, म्हणून शेवटी लिहिलं, ‘शेवटाबद्दल न बोललेलेच बरे.’ मधे एक वाक्य हडळीबद्दल होतं. ते मला आजही पाठ आहे. ‘हडळीचे तोंड वाकडे दाखवण्यासाठी रंगभूषाकाराने जे काही थापले आहे, ते पाहून भीती वाटण्याऐवजी हसू येते, असले तोंड देवाने अजून कुणाला दिलेले नाही.’ छापून आल्यावर शाळेतल्या शिक्षकांनी मोठ्यांदा वाचून दाखवलं. कुणी लिहिलंय ते त्यांना माहीत नव्हतं. मी मान खाली घालून चहा पीत होतो आणि आतून फुलून गेलो होतो.

दोन वर्षांनी संस्थेनं माझी बदली निपाणीच्या शाळेत केली. खोली मिळाली ती शामाण्णांच्या दुकानासमोर. पोस्टर पाहिलं आणि जीव जरा दचकला, पण नाव टोपण होतं, मी निर्धास्त होतो. सामान उतरवून होतंय तोवर शामाण्णा आले, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, डोळा बारीक केला आणि पहिल्यांदाच अडले. “तुमास्नी काय द्यावं सुचंना,” म्हणाले. “चला, आधी च्या घ्या.”

चहा घेऊन इंदूआक्का बाहेर आल्या. डोक्यावरचा पदर डाव्या गालावर ओढलेला. कप ठेवायला वाकल्या तेव्हा तो घसरला. तोंडाची डावी बाजू खाली ओढलेली होती, डावा डोळा पुरता मिटत नव्हता. मी ते तोंड संकेश्वरला पडद्यावर पाहिलं होतं. कुणीही काहीही थापलेलं नव्हतं.

“लगीन झाल्यावर तिसऱ्या वरसाला ताप आल्ता,” शामाण्णा सहज म्हणाले. “तोंडावरनं वारं गेलं. पिच्चरमदी हिनंच काम केलंय बरं का. कोल्लापूरची हिरॉईन आणल्ती, तिला दुसऱ्या दिशी मुंग्या चावल्या, गेली पळून.”

तो चहा मी कसा संपवला मला आठवत नाही. साखर घातली होती का, तेही नाही.

त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. नंतर लक्षात आलं की जी गोष्ट पहिल्या दिवशी सांगायला पाच मिनिटं लागतात, ती वर्षानं सांगायला तोंडच राहत नाही. आणि शामाण्णांनी तर माझी पंचाईत आणखी वाढवून ठेवली होती. पोस्टरच्या शेजारी, काचेच्या चौकटीत, माझा लेख लावलेला होता.

“हे बघा मास्तर. छापून आल्तं.” त्यांनी चौकट काढून माझ्या मांडीवर ठेवली. “सगळ्या मुलखात येकानंच लिवलं. चोखंदळ म्हनून हाय कोन तरी.”

मी म्हटलं, “पण यात तर टीकाच आहे शामाण्णा.”

“आसू द्या की. मुडदे शिंकत्यात म्हनून लिवलंय बघा. आता एवढ्या काळोखात, एवढ्या गडबडीत, मुडदा शिंकतोय हे कुनाला दिसतं? जो डोळ्यात त्याल घालून बघतोय त्यालाच. आनि हे शेवटचं बघा, ‘शेवटाबद्दल न बोललेलेच बरे’. शेवट फोडला न्हाय त्यानं. लोकांची मजा जाऊ ने म्हनून. लई दर्दी मानूस. कवा भेटला तर पाया पडीन.”

मी लेखाकडं बघत होतो. मधे एक भोक होतं. बरोबर चार ओळींचं, कडा सरळ.

“हे काय झालंय?”

“उंदरानं खाल्लं.”

असा चौकोनी खाणारा उंदीर मी कुठं पाहिला नव्हता. पण त्या चार ओळींत काय होतं हे मला माहीत असल्यामुळं मी जास्त विचारलं नाही.

शामाण्णा शाळेतही यायचे. गॅदरिंगला ऐतिहासिक नाटक असलं की कपडे त्यांचे आणि मरायचं शिक्षणही त्यांचं. एका वर्षी त्यांनी सातवीच्या वर्गाला असं काही मरायला शिकवलं की लढाईच्या प्रसंगात सैन्य पडता पडता वीस मिनिटं गेली आणि पाहुण्यांचं भाषण रद्द करावं लागलं. हेडमास्तर चिडले. शामाण्णा त्यांना म्हणाले, “सर, पोरांनी मन लावून काय केलंय ते तर बघा.” हेडमास्तरांना त्यांनी आधीच दोरखंड दिला होता; त्या दिवसापासून तो बदलून बोथट सुरी केली.

मला मात्र काही मिळालं नाही. वर्षानुवर्षं मी गमतीनं विचारायचो, “शामाण्णा, माझं काय ठरलं?” एकदा त्यांनी शेवटी सांगितलं. “तुमास्नी मारायचं न्हाय मास्तर. असल्या पिच्चरमदी येक मानूस जित्ता ठेवाय लागतोय. सगळं झाल्यावर सांगाय कोन तरी पायजे, काय झाल्तं ते. ते काम तुमाला.”

दिवाळीच्या पाडव्याला शामाण्णांच्या घरी फराळाला मी ठरलेला. त्या दिवशी आक्का शामाण्णांना ओवाळायच्या आणि शामाण्णा ओवाळणी घालायचे. साडी, चांदीची वाटी, असं काही नाही. ते काचेची चौकट घेऊन बसायचे, घसा खाकरायचे आणि माझा लेख मोठ्यांदा वाचायचे. सिनेमा पाडव्याला लागला होता, म्हणून ही ओवाळणी. पहिल्या वर्षी मी लाडू हातात धरून ऐकत होतो. काकवी झाली, मुंग्या झाल्या. भोक आलं.

शामाण्णा जराही न थांबता वाचत गेले, “‘हडळीचे काम करणाऱ्या बाईंनी नुसत्या डोळ्यांनी जे काम केले आहे, ते मुंबईच्या नट्यांनाही जमणार नाही.’ हां. फुडं. ‘मुडदे मधूनच शिंकतात...’”

आक्का पदराआडून हसल्या. मी लाडू तसाच गिळला.

पुढच्या वर्षी त्या भोकात ‘बाईंची चाल पाहून अंगावर काटा येतो’ आलं. त्याच्या पुढच्या वर्षी ‘असा चेहरा पडद्यावर रोज येत नाही’. शामाण्णांची मराठी बोलायची एक आणि छापील एक. छापील बोलताना ते गंभीर होऊन नाकातून बोलायचे, त्यामुळं बनवलेलं वाक्य आणि माझं वाक्य यातला सांधा कुणाला कळला नसता. मी मराठीचा शिक्षक. मला वाटायचं, यांना माझ्यापेक्षा बरं लिहिता येतं.

तीसेक पाडवे मी ते ऐकलं. दर वर्षी घरून निघताना ठरवायचो, आज सांगायचं. दर वर्षी चकली खाऊन परत यायचो.

मग काही वर्षांपूर्वी एक नवल झालं. बेळगावच्या एका कॉलेजातल्या मुलामुलींनी ‘वाईट पण बघवणारे सिनेमे’ असा कार्यक्रम काढला. कुणीतरी जुन्या कॅसेटवरून ‘तेरा नंबरची वखार’ मोबाइलवर टाकला होता, त्यातली शिंक पोरांत फार चालली होती. एका प्राध्यापक बाईंचा फोन आला. शामाण्णांनी कार्यक्रमाचं नाव मला दोनदा वाचायला लावलं. मी घाबरत वाचलं.

“बघवणारे म्हनलंय न्हवं?” ते म्हणाले. “मग झालं.”

आक्कांचे गुडघे चालत नव्हते, त्या राहिल्या. आम्ही दोघं एसटीनं निघालो. शामाण्णांनी नाटकातल्या दिवाणजीचा कोट घातला होता, त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास. गाडी संकेश्वरला थांबली तेव्हा त्यांनी खिडकीतून बोट केलं. टॉकीजचं मंगल कार्यालय झालं होतं. “हितं लागल्ता आपला पिच्चर. त्यो चोखंदळ हितनंच कुठनं तरी आल्ता असंल. म्हातारा झाला असंल आता. असंल का जित्ता?”

“असेल,” मी म्हटलं. स्टँडवर भज्यांचा गाडा अजून तिथंच होता.

हॉल भरलेला होता. पोरं पहिल्या खुनापासून हसत होती. काकवी ओघळली की हसायची, शिंक आली की टाळ्या, आंघोळ सुरू झाली तेव्हा तर शिट्ट्या. मला वाटलं शामाण्णांना लागेल. बघतो तर ते पडद्याकडं नाही, मागं वळून पोरांच्या तोंडाकडं बघत होते, आणि ओठांतल्या ओठांत मोजत होते. “चार... पाच. बघा मास्तर, येकजनबी फोनात बघंना.” शेजारच्या एका मुलीनं त्यांना विचारलं, “आजोबा, तुम्हाला राग नाही ना येत?” त्यांनी तिला न्याहाळलं, डोळा बारीक केला. “तुला तलवार. मोठी.” मुलगी खूष झाली.

इंटरव्हल झाला. मी या वेळी उठलो नाही.

दुसऱ्या अर्ध्यात मला जे दिसलं ते मी कधी पाहिलं नव्हतं. पोरं हसत होती, मीही हसत होतो, आणि तरी एक गोष्ट होती. पडद्यावर आक्का आल्या की नजर हलत नव्हती. बाकी सगळे नाटकातले होते. त्या एकट्याच तिथं खरोखर होत्या. पदराशिवाय, उघड्या चेहऱ्यानं, केस मोकळे, वखारीच्या मधोमध चालत येत होत्या आणि गठ्ठे उचलणारी सगळी माणसं बाजूला होत होती.

सोळा संपले. सतरावा उरला, वखारीचा राखणदार. त्यानं सगळं पाहिलेलं असतं आणि तोंड उघडलेलं नसतं. हडळ त्याच्यापुढं येते. तो पळत नाही. धोतराचा सोगा घेतो आणि तिच्या तोंडावरची काकवी पुसायला लागतो. पहिल्यांदा उजवा गाल, मग डावा, मग ओठाची ओघळलेली कड. तसं पुसताना हात कुठं हलका धरायचा हे त्या माणसाला माहीत असतं. हडळ हसते. ते वाकडं हसू सबंध पडद्यावर येतं. मग ती विळा उचलते आणि तो मरतो. एका क्षणात. ना “घात झाला”, ना हात पसरणं.

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. मागं कुणाच्या तरी खुर्चीचा आवाज आला तेवढाच.

दिवे लागल्यावर मी विचारलं, “शामाण्णा, सगळ्यांना दोन दोन मिनिटं मरायला लावलंत. स्वतः एवढ्या घाईनं का मेलात?”

“ती समोर आल्ती की,” ते म्हणाले. “तिच्याकडं बघायचं का मरत बसायचं?”

परतीच्या गाडीत ते बोलत राहिले. ताप आल्यावर आक्का तीन वर्षं उंबऱ्याबाहेर आल्या नव्हत्या. पाण्यालासुद्धा नाही. नटी पळाली तेव्हा शामाण्णा घरी येऊन म्हणाले, हडळीचं काम कर, हडळीला कुनी हसत न्हाय. “पयल्या दिशी पदर सोडंना. दुसऱ्या दिशी सोडला. तिसऱ्या दिशी त्या सांबऱ्याच्या पैलवानावर अशी काय डाफरली, त्यो खरंच पळाला. घरी येऊन हसली. तीन वरसांनी.” मग जरा वेळानं, “नंतर परत पदर घेतला तिनं. का कुनास ठावं.”

मला ठाऊक होतं. लेख पहिल्यांदा छापून आला तेव्हा उंदीर यायच्या आधी तो घरात कुणाच्या हाती पडला असेल, ते मला आता कळलं होतं. संकेश्वर येईपर्यंत सांगायचं असं ठरवलं. संकेश्वर आलं. शामाण्णा माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपले होते, तोंड उघडं. मी त्यांना उठवलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात शामाण्णा गेले. दुपारी दुकानात, खुर्चीवर, दाढी विंचरता विंचरता. दाढी नाटकातली होती. तुळसाबाई रडताना म्हणाल्या, “सगळ्यास्नी बेतानं मरा म्हनायचा आनि सवता बघा.”

त्या वर्षी पाडव्याला जावं की नाही, मी विचार करत होतो. आक्कांनीच निरोप धाडला. गेलो तर पाट मांडलेला, फराळाची ताटली, आणि पाटावर काचेची चौकट.

“मास्तर, यंदा तुमी वाचा.”

मी म्हटलं, “आक्का, तुम्हाला वाचता येतं की.”

“येतं. मधल्या भोकातलं येत न्हाय.” त्या माझ्यासमोर भिंतीला टेकून बसल्या. पदर गालावर होता. “दर वरसाला येगळं वाचायचे. मी कवा बोलले न्हाय. फराळ करताना मनात म्हनायचे, बघू यंदा काय काडत्यात. येका वरसाला तर मला चंद्राची उपमा दिल्ती.”

“आठवतंय,” मी म्हणालो.

“वाचा. मी ऐकत्ये.”

मी वाचायला लागलो. काकवी झाली. मुंग्या झाल्या. भोक आलं, आणि त्याच्यातून चौकटीच्या मागचा पुठ्ठा दिसत होता. आता बोललो नाही तर कधीच नाही, हे मला कळत होतं. नुसतं बोलायचा धीर नव्हता, म्हणून शामाण्णांसारखाच नाकातला छापील आवाज काढला आणि वाचल्यासारखं केलं.

“‘हडळीचे काम करणाऱ्या बाईंचा चेहरा आम्ही नीट पाहिला नाही. इंटरव्हलला उठून गेलो. जे लिहिले ते चुकीचे होते, आणि त्याबद्दल...’”

“हे न्हाय, मास्तर,” आक्का मधेच म्हणाल्या. आवाज शांत होता. “पाडवा हाय. चांगलं कायतरी वाचा.”

मी वर पाहिलं. त्या माझ्याकडं बघत होत्या, त्या न मिटणाऱ्या डोळ्यानंही. त्यांना काय कळलं, किती कळलं, कधीपासून कळलं होतं, मला सांगता येत नाही. मी विचारलं नाही.

मी परत भोकाकडं पाहिलं. “‘ह्या बाई पडद्यावर आल्या,’” मी वाचलं, “‘की दुसरीकडे बघवत नाही.’”

“हां,” आक्का म्हणाल्या. “हे नवीन हाय.” आणि त्यांनी पदर गालावरून काढून खांद्यावर टाकला. “आता फुडचं वाचा. शिंका ऱ्हायल्या.”

मी शिंका वाचल्या. त्या हसल्या, तेच पडद्यावरचं हसू. मग चहा टाकायला आत गेल्या. मी चौकट मांडीवर घेऊन बसलो आणि आत स्टो पेटल्याचा आवाज ऐकत, अर्धवट राहिलेलं वाक्य मनात पुरं केलं: आणि त्याबद्दल मला क्षमा करा, आक्का, ते मी लिहिलं होतं. चहा आला. साखर बेतशीर होती. मी तो प्यालो, कप खाली ठेवला आणि म्हणालो, “येतो.”